नाके गेले, हद्द राहिली

आधी कबुली देतो. गेली काही वर्षं आमच्या घरचा कचरा मी दुसऱ्याच्या दारात टाकतो आहे. आमचं घर कोल्हापूरला दक्षिणेकडून चिकटलेल्या एका गावाच्या हद्दीत आहे. गावाचं नाव सांगत नाही. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, यांतलं कुठलंही नाव घातलं तरी पुढच्या मजकुरात फारसा फरक पडणार नाही. लग्नपत्रिकेवर आमचा पत्ता 'कोल्हापूर' असतो, सातबाऱ्यावर गावाचा. महापालिकेचा कचऱ्याचा टिपर सकाळी आमच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि तिथून वळतो. गावाची घंटागाडी येते तेव्हा येते. मग पिशवी मोपेडच्या हुकाला अडकवायची आणि शहरात शिरलं की जिथं पूर्वी कोंडाळा, म्हणजे कचराकुंडी, होती तिथं हळूच सोडून पुढं निघायचं. कोंडाळे उचलले गेले, पण त्यांच्या जागा हाताला पाठ आहेत.

शहरातला माणूस त्या पिशव्या बघून म्हणतो, "ह्यांना सोयी आमच्या पाहिजेत, घरफाळा मात्र गावाचा." तो खोटं बोलत नाही. गावातला माणूस म्हणतो, "तुमच्या पेठेतली गटर आधी बघा, मग आमच्या शेतावर डोळा ठेवा." तोही खोटं बोलत नाही. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घ्यायची की नाही याचा, वाद ही दोन खरी वाक्यं एकमेकांच्या अंगावर फेकण्यातच इतकी वर्षं अडकलाय. मोर्चे, बंद, रास्ता रोको दोन्ही बाजूंनी झाले. त्या दोघांनाही न आवडणारी गोष्ट मला म्हणायची आहे. हद्दवाढ झाली पाहिजे, आणि ती आधी ड्रेनेजच्या पाइपातून व्हायला पाहिजे, नकाशावर नंतर.

शहर बाहेर का गेलं, हे समजायला नकाशा जरा उघडून बघावा लागतो. पंचगंगा पश्चिमेकडून येते, उत्तरेनं वळसा घालते आणि शिरोलीकडं निघून जाते. म्हणजे दोन बाजूंना नदी, मळीची जमीन आणि ऊस. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या. शाहूपुरीत, नागाळा पार्कात ज्यांच्या हॉलमध्ये पाणी शिरलं त्यांनी पुढचं घर घेताना वास्तुशास्त्र नंतर विचारलं, आधी विचारलं, "पूर येतो का?" पूर येत नाही तो भाग म्हणजे दक्षिणेचा माळ. पूर्वेला हायवे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी, उजळाईवाडीचा विमानतळ. नोकरी तिकडं, कोरडी जागा इकडं, आणि शहराची रेघ नेमकी या दोन्हींच्या अलीकडं संपते. बिल्डरांच्या हावेनं शहर बाहेर गेलं असं म्हणायची पद्धत आहे. हाव होतीच. पण लोकांना माळावर नेलं ते मुख्यतः पाण्याच्या भीतीनं आणि शहरातल्या जागेच्या भावानं.

ही रेघ जुनी आहे. १५ डिसेंबर १९७२ ला कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली. हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. आजही तेवढीच. महापालिका जन्मली तेव्हा जे पाळण्यात होते ते आता निवृत्त व्हायला आले, पण हद्द इंचभर हललेली नाही. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,९३,१६७ होती, २०११ मध्ये ५,४९,२३६. दहा वर्षांत जेमतेम ५६ हजारांची भर. हा आकडा वाचून कुणी म्हणेल, कोल्हापूर वाढतच नाही. वाढतंय, फक्त रेघेच्या पलीकडं. जनगणनेनं ते ओळखलंही आहे. पाच हजारांवर वस्ती, दाट लोकवस्ती आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर, असं असेल तर जनगणना त्या गावाला 'नगर' म्हणते, भले तिथं ग्रामपंचायत असो. गांधीनगर, उचगाव, कळंबे तर्फ ठाणे ही अशी नगरं. दिल्लीच्या वहीत शहर, मुंबईच्या वहीत खेडं.

गांधीनगरचं उदाहरण तर फार बोलकं आहे. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ती माणसं गेली आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. कपड्यांचा एवढा मोठा बाजार त्यांनी तिथं उभा केला. त्या बाजाराच्या भरभराटीत कष्ट आहेतच, पण जकात नाक्याच्या बाहेर असण्याचाही फायदा आहे. एके काळी हद्द म्हणजे जकात होती. नाक्याच्या आत माल आला की पैसे, बाहेर राहिला की नाही. त्यामुळं हद्दीबाहेर राहण्याला रोखीत किंमत होती, आणि हद्दवाढीला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्याचं म्हणणं निदान समजण्यासारखं होतं. पुढं जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला, जीएसटी आला. मधल्या काळात रस्त्यांसाठीचे टोल नाके बसले. कोल्हापूरकरांनी तेही उठवले. आता नाका हा शब्द उरलाय तो फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरता. ज्या पैशांसाठी ही रेघ ओढली होती ते पैसेच राहिले नाहीत, तरी रेघेवरून भांडण मात्र तसंच आहे.

आणि रेघ नेमकी कुठं आहे हेही धड ठरलेलं नाही. तावडे हॉटेलजवळची जागा महापालिकेची की उचगावची, यावरून वर्षानुवर्षं वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. एकाच्या परवान्यावर बांधलेलं दुसऱ्याच्या लेखी अनधिकृत. गावाच्या वेशीवर देवाचा दगड असतो, तो तरी डोळ्यांना दिसतो.

सोयींकडं येतो. पाण्याबद्दल कोल्हापूर तसं भाग्यवान. कळंबा तलाव जुना आधार, बालिंगा आणि शिंगणापूरहून नदीचा उपसा, आणि नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून पुईखडीपर्यंत आलेली थेट पाइपलाइन, सुमारे ५३ किलोमीटरची. २०१९ च्या पुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. चहूबाजूंनी पाणी आणि नळ कोरडे, अशा अवस्थेत आपण टँकरमागं घागरी घेऊन पळालो होतो. तेव्हा शहरातला कोण आणि गावातला कोण हे टँकरवाल्यानंही विचारलं नाही. त्या आठवणीनंतर थेट पाइपलाइनचं मोल वेगळं सांगायला नको. पण जे शहर ५३ किलोमीटरवरून पाणी आणू शकतं, त्याला शेवटचे दोन किलोमीटर का जमू नयेत? काही गावांना महापालिकेचंच पाणी जातं, काहींच्या वेगळ्या योजना आहेत, बऱ्याच अपार्टमेंट बोअर आणि टँकरवर जगतात. मी उन्हाळ्यात टँकरला जे मोजतो त्यात शहरातली पाणीपट्टी कितीदा तरी भरून होईल. घरफाळा वाचतो या आनंदात हा हिशेब आम्ही कुणी मांडत नाही.

पाण्याचं एक वेळ निभतं. टँकर येतो, बोअर मारता येते. खरा पेच त्या पाण्याचं पुढं काय होतं हा आहे, आणि त्यावर ना शहरात कुणी बोलतं ना गावात. वाडीतल्या घरामागं शोषखड्डा असायचा. परसात केळ, अळू, पाणी जिरून जायचं. आता त्याच गटात चाळीस फ्लॅट आहेत आणि व्यवस्था तीच, जरा मोठा खड्डा. माळाखाली काळा पाषाण. पाणी जिरत नाही. सेप्टिक टँक भरला की वरून वाहतो, रस्त्याकडेच्या चरीतून ओढ्याला लागतो. चढावरचं पाणी उताराला जाणार, आणि उतार शहराकडं आहे. ओढा शहरात शिरला की त्याला नाला म्हणतात, जयंती किंवा गोमती, आणि नाला पंचगंगेला मिळतो. महापालिकेनं कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीत १७ दशलक्ष लिटरचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभं केलं, तेही कोर्टाचे आणि प्रदूषण मंडळाचे तडाखे खाल्ल्यावर. मात्र त्या केंद्रांना येऊन मिळणाऱ्या घाणीत आमच्या माळाचाही वाटा आहे, आणि नाला तुंबून वाहिला की तो वाटा थेट नदीत जातो. पुढं इचलकरंजी. तिथं २०१२ मध्ये काविळीच्या साथीनं माणसं गेली. नदीच्या खालच्या अंगाच्या लोकांना वरच्या माळावर ग्रामपंचायत आहे की महापालिका, याच्याशी काय देणंघेणं?

कुठल्याही एका ग्रामपंचायतीला हे झेपणारं नाही. दोष सरपंचाचा नाही, ग्रामसेवकाचा तर नाहीच. त्यांच्याकडं ना ड्रेनेजचा इंजिनिअर, ना केंद्राला जागा, ना तेवढा पैसा. शिवाय उताराला ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. वरच्या गावानं ड्रेनेजचे नळ टाकले तरी ते खालच्या गावातून आणि मग शहरातूनच जाणार. सांडपाण्याचा प्रश्न एका खोऱ्याचा आहे आणि आपण तो सात-आठ दप्तरांत वाटून ठेवलाय.

बसचं बघा. केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, १९६२ पासून धावते आणि तिची बस गावागावांत जाते. हद्दवाढीचा वाद तापला की शहरातून दरवेळी एक सूर उठतो, विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा, पाणी तोडा. मला हा सूर निव्वळ कोता वाटतो. त्या बसमधून कोण येतं? कॉलेजच्या पोरी, लक्ष्मीपुरीत दुकानात काम करणारे, घरकामाला येणाऱ्या मावशी, सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवायला निघालेले म्हातारे. हद्दवाढीविरुद्ध बोर्ड लावणाऱ्यांकडं चारचाकी असते. बस बंद केली तर शिक्षा होणार ती ज्यांना कुणी काही विचारलंच नाही त्यांना. अग्निशमनची गाडी हद्द बघून थांबत नाही, हे चांगलंच आहे. आणि जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, तेव्हा चांगली सोय दिली तर लोक आपण होऊन शहराकडं येतात याचा पुरावा महापालिकेच्या स्वतःच्या दारात उभा असतो.

आता गावांचं म्हणणं. ते बाजूला सारण्यासारखं नाही. शहरात हद्दीच्या आत असूनही ज्या उपनगरांत अजून ड्रेनेज पोहोचलेलं नाही ती गावकऱ्यांना रोज दिसतात. फुलेवाडी रिंग रोडवरून पावसाळ्यात एकदा मोटारसायकल चालवली की हद्दवाढीच्या बाजूचं भाषण घशातच अडकतं. त्यांना कुपवाड माहीत आहे, १९९८ मध्ये सांगली-मिरजेबरोबर एका महापालिकेत गेलेलं, आणि सोयींसाठी तिथल्या लोकांनी पुढं किती वर्षं ओरड केली तेही माहीत आहे. पुण्यानं २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. ज्या उरुळीनं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पोटात घेतला तिनंच शहराला रामराम ठोकला. एवढं डोळ्यांदेखत झाल्यावर आमच्या गावातल्या माणसानं शहरावर का विश्वास ठेवायचा?

शेतीचं कारण मात्र मला अर्धंच पटतं. गडमुडशिंगीला, वडणग्याला अजून खरा ऊस आहे, खरी जनावरं आहेत, आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला आरक्षणाची धास्ती वाटणारच. पण आमच्या गावात ज्या शेतासाठी गळे काढले जातात त्यातली निम्मी शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकून झालीत. विकणारे तेच, आणि 'गावपण टिकलं पाहिजे' म्हणणारेही तेच. आमचं गावपण आता यात्रेच्या कमानीवर आणि म्हाईच्या सणाच्या जेवणावळीत आहे. ते महापालिकेत गेल्यानं पुसलं जात नाही. कसबा बावडा शहरात असून बावडेकर आजही आधी बावडेकरच आहेत की. ग्रामपंचायतीच्या सदस्याला रात्री अकराला फोन करता येतो, नगरसेवकाला येत नाही, ही तक्रार मात्र मला जास्त खरी वाटते. त्यातच महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं किती तरी काळ प्रशासकाचाच कारभार चालला. ज्या शहरात स्वतःच्याच लोकांना नगरसेवक नव्हता, त्या शहरात या म्हणून गावांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

२०१७ मध्ये सरकारनं मधला मार्ग म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं. हद्दवाढ नको म्हणणाऱ्यांनाही तेव्हा हायसं वाटलं. पण प्राधिकरण लोकांच्या ओळखीचं झालं ते बांधकाम परवान्यासाठी. नकाशा मंजूर करायचा, विकास शुल्क घ्यायचं. इमारत उभी राहिली की नळ, गटर, कचरा, दिवाबत्ती पुन्हा ग्रामपंचायतीच्या गळ्यात. परवाना देणारा वेगळा आणि घाण काढणारा वेगळा, अशी ही रचना. संस्थानकाळात असं नव्हतं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती बाजारपेठ म्हणून आखून. राजारामपुरीच्या गल्ल्यांना आजही पहिली, दुसरी, अकरावी अशी नावं आहेत, कारण तिथं गल्ली आधी ठरली आणि घर नंतर आलं. आमच्या माळावर घर आधी येतं. मग गल्ली मिळते का ते बघायचं.

म्हणून माझं मागणं असं. ४२ गावांची चर्चा सोडून द्यावी. जिथं घराला घर चिकटलंय, जिथलं सांडपाणी शहराच्या नाल्यात येतं, तेवढीच गावं घ्यावीत. वडणगं, शिये यांना कशाला ओढायचं? आणि घेण्याच्या आधी त्या गावांतला ड्रेनेज आणि कचरा महापालिकेनं कराराने चालवायला घ्यावा. पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. त्या गावांतल्या इमारतींनी भरलेलं विकास शुल्क आधी त्याच गावांच्या पाइपात जावं, उरलेलं सरकारनं घालावं. विमानतळ आणि हायवेला पैसा मिळतो, तर गटरलाही मिळू शकतो. आम्हीही फुकट मागू नये. टँकरला जे देतो त्याच्या निम्मं सेवाकर म्हणून घेतलं तरी मी आनंदानं भरीन. ड्रेनेज सुरू होऊन एक पावसाळा गेला की मग हद्दीची अधिसूचना काढावी. नव्या भागाचा घरफाळा एकदम नव्हे, टप्प्याटप्प्यानं वाढवायची सोय कायद्यात आहेच. ती गावसभेत वाचून दाखवावी. आज ती लोकांना माहीतच नाही आणि दहापट घरफाळ्याची अफवा मात्र चावडीवर रोज फिरते.

शहरातले हद्दवाढवाले यावर म्हणतील, म्हणजे पुन्हा लांबणीवर. तसंही आता घाई करून काही होणार नाही. महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये जुन्याच हद्दीत झाली, आणि जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर हद्दी गोठवल्या आहेत. हा काळ निवेदनं देण्यात घालवायचा की खणाईला लागायचं, एवढंच आपल्या हातात आहे. कारण माळ थांबणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, त्याच्या कायमच्या इमारतीची जागा शेंडा पार्कात आहे. शेंडा पार्क म्हणजे आमच्या माळाचा उंबरा. सहा जिल्ह्यांतून वकील येणार, पक्षकार येणार, त्यांना ऑफिस लागणार, खोल्या लागणार. आमच्या मागच्या गल्लीत एक पाटी लागलीसुद्धा, 'हायकोर्टापासून पाच मिनिटांवर, टू बीएचके'. खाली बारीक अक्षरात बोअरचं पाणी चोवीस तास असल्याचं लिहिलंय. सांडपाण्याबद्दल काही नाही.

माझ्या कचऱ्याच्या जागेचंही सांगून टाकतो. गेल्या महिन्यात तिथं कुणीतरी झाडून काढून रांगोळी घातली, दोन कुंड्या ठेवल्या आणि खडूनं पाटी लिहिली, 'येथे कचरा टाकू नये'. खाली वेगळ्या अक्षरात, 'गाववाल्यांनी तर नाहीच'. वाचून राग आला. मग तिथं झाडणाऱ्या बाईंना रोज माझी पिशवी उचलावी लागत असेल हे डोक्यात आलं आणि राग गिळला. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, घंटागाडी रोज पाठवा म्हणून. पोच मिळाली. तोपर्यंत मी पुढच्या चौकापर्यंत जातो.